गुंड्याचा वावटळ

गुंड्या गाद्या विकायचा. बसून नाही आणि उभ्यानंही नाही, आडवा होऊन. फर्निचरच्या मोठ्या दुकानाच्या पहिल्या मजल्यावर ओळीनं पलंग मांडलेले असत. गिऱ्हाईक जिना चढून वर आलं की हा बूट काढायचा, गादीवर अंग टाकायचा, डोळे मिटायचा आणि सुस्कारा सोडून म्हणायचा, "बघा, पाठीला काही जाणवतंय का? काही नाही." गिऱ्हाइकाच्या पाठीला अर्थातच काही जाणवत नसे, कारण पाठ गुंड्याची असायची. पण गाद्या खपायच्या. त्याच्या ताईचं म्हणणं होतं की जन्मापासून पोरानं याच एका कामाची तालीम केली होती, तेव्हा त्यात कौतुक ते काय.

पोर म्हणजे पंचेचाळिशीचं. लहानपणी शर्टाच्या गुंडीसारखा गोल होता म्हणून गुंड्या. पुढे नाव बदलावं असं काही घडलं नाही.

ताई त्याची थोरली बहीण. कोपऱ्यावरची लाँड्री तिची. म्हणजे आधी वडिलांची, आणि वडील अंथरुणाला खिळले तेव्हापासून तिची. दिवसभर वाफेच्या इस्त्रीपाशी उभं राहून तिच्या पोटऱ्यांच्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्या होत्या, आणि माणसांकडे बघायची तिची एक सवय होऊन गेली होती. ती सगळ्यांची मनातल्या मनात कॉलर उलटून बघायची. वरून घडी कितीही कडक असो, मळ कुठे साठतो हे तिला ठाऊक होतं.

भावाची कॉलर तर तिनं कधीच उलटून ठेवली होती. त्याला एकच विद्या अवगत होती, सटकण्याची. सकाळी दुकानाचं शटर वर ढकलायची वेळ आली की हा न्हाणीघरात. जड गाठोडी उतरवून घ्यायची म्हटलं की याच्या मनगटात कळ. लग्नाची बोलणी करायला मुलीकडची माणसं पुढच्या खोलीत बसलेली असताना हा चपला हातात घेऊन मागच्या दारानं पसार झाला होता, आणि तेसुद्धा एकदा नव्हे, दोनदा. वडिलांना कुशीवर वळवायला दोन माणसं लागायची त्या काळात गादीच्या दुकानात कायमचा सेल लागलेला असे. वडील गेले त्या दुपारी घरात ताई एकटी होती. गुंड्या "आलोच जरा" म्हणून बाहेर पडला होता.

कुठे, ते तिला मागाहून कळलं. खेळायला.

हा खेळ दर रविवारी दुपारी चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत चालायचा. त्यात पत्ते नाहीत, सोंगट्या नाहीत, धावणं-पळणं तर नाहीच. चार वाढलेली माणसं टेबलाभोवती बसायची आणि सगळी मिळून एक गोष्ट सांगायची. प्रत्येकाचा त्या गोष्टीत एकेक वीर. वीराच्या अंगचे गुण एका कागदावर आकड्यांत मांडलेले. वीरानं काही धाडस करायचं ठरवलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. आकडा मोठा आला तर जमलं, लहान आला तर आपटला. चष्मेवाला स्वतः वीर नव्हता, तो सूत्रधार. रानं, किल्ले, राक्षस, वादळं, सगळं त्याच्या तोंडून निघायचं, आणि वीरांचं काय झालं ते शेवटी तोच सांगायचा. ताईनं हे सगळं एकदा ऐकून घेतलं होतं आणि म्हणाली होती, "म्हणजे जे स्वतःला जमत नाही ते फाशाकडून करून घ्यायचं."

गुंड्याच्या वीराचं नाव वावटळ. अनवाणी, सडपातळ, मूठ आणि लाथ हीच त्याची हत्यारं. तो भिंतीवर धावत जाई, सुटलेला बाण हातानं पकडी, एका उडीत तीस फूट ओलांडी. चपळाई वीसपैकी अठरा. इतकी वर्षं खेळूनही त्याच्या अंगावर ओरखडा नव्हता आणि गुंड्याला याचा भारी अभिमान.

"वावटळ ती असते," ताईनं सांगितलं होतं. "ती वावटळ."

"अगं, नाव आहे ते. तो वावटळ."

"म्हणजे नावसुद्धा धड नाही."

वाईट हे, की वावटळ चष्म्याच्या दुकानात राहत नसे, घरीही यायचा. गुंड्या एका पायावर उभा राहून दात घासायचा आणि बेसिनला धरून दुसरा पाय टेकायचा. दारातून सरळ न येता आडव्या अंगानं शिरायचा, जणू आत कोणी तलवार घेऊन दबा धरून बसलंय. एकदा फडताळावरून निसटलेली बरणी हवेतल्या हवेत पकडायला गेला आणि तिच्या शेजारच्या दोन घेऊन खाली आला. ताईनं काचा गोळा केल्या. गुंड्या पलीकडे उभा राहून सांगत होता, की मनगटाचा कोन जरा चुकला.

तर असा हा वीर एका मंगळवारी गादीवरून पडला.

उडी मारताना नाही, झोपेतून उठताना. गिऱ्हाईक निघून गेलं तरी याचे डोळे मिटलेलेच होते. मालकाचा आवाज कानावर पडताच दचकून उठला, तर नव्या गादीचा प्लॅस्टिकचा कागद पायात अडकला आणि घोट्याचं हाड मोडलं. दीड फूट उंचीवरून. दुकानातल्या दोघांनी त्याला ज्या गादीवरून पडला तिच्यावरच घालून खाली आणलं. गुडघ्यापर्यंत प्लास्टर घालून घरी आला तेव्हा ताईनं त्याला वरून खालपर्यंत न्याहाळलं.

"अठरा ना रे चपळाई?"

गुंड्यानं भिंतीकडे तोंड केलं.

त्यानंतरच्या दिवसांत ताईला कळलं की नुसतं पडून राहणाऱ्या माणसाला किती गोष्टी लागतात. पाणी, उशी, दुसरी उशी, पहिली परत, पंखा कमी, पंखा जास्त. लाँड्रीच्या काउंटरवरची जुनी घंटा त्यानं मागून घेतली होती आणि ती तो सढळ हातानं वाजवायचा. शनिवारपर्यंत ताईचे कान किटले होते. त्यात संध्याकाळी त्यानं तो विषय काढला.

"ताई, उद्या रविवार."

"मग?"

"चष्मेवाल्याच्या माडीला गोल लोखंडी जिना आहे. मला चढता येणार नाही."

"तुला सपाटीवर चालता येत नाही."

"तू जाशील का? माझ्या जागी?"

ताई भिजवलेल्या कपड्यांचे पिळे उलगडत होती. तिचे हात थांबले. तिला वाटलं, प्लास्टर चुकून डोक्याला घालायचं राहिलं.

गुंड्या मात्र गंभीर होता. गोष्ट नेमकी अडचणीच्या जागी येऊन थांबली होती. तिघा वीरांना एका दरीवरचा पूल ओलांडायचा होता आणि मागून शत्रूची फौज येत होती. तो गेला नाही तर वावटळच्या वतीनं बाकीचे फासा टाकणार, आणि बाकीच्यांचा त्याला भरवसा नव्हता. बसचालक तर नक्की त्याला कशात तरी घुसवणार. "तुला काही करायचं नाहीये," तो म्हणाला. "फक्त त्याला जिवंत परत आण. मारामारी सुरू झाली की म्हणायचं, वावटळ मागे उडी मारतो. पुन्हा तुझी पाळी आली की पुन्हा मागे उडी. बस्स. लांब राहायचं. बाकीचे बघून घेतात."

"हे तू इतकी वर्षं करतोस?"

"त्याला डावपेच म्हणतात."

ताईनं नाक मुरडलं. पण दुसऱ्या दिवशी जेवणानंतर घंटा तिसऱ्यांदा वाजली तेव्हा तिनं पायात चपला सरकवल्या, त्याच्या उशाचा कागद उचलला आणि निघाली. चार तास घंटा ऐकू येणार नाही, एवढ्यासाठी ती राक्षसांकडेही गेली असती.

चष्म्याच्या दुकानावरची खोली लहान होती. भिंतीवर डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता, कोपऱ्यात मोडक्या फ्रेमांची खोकी, मधे टेबल, त्यावर फासे आणि बिस्किटांचा पुडा. चष्मेवाला कपाळावर एक आणि नाकावर एक असे दोन चष्मे लावून बसला होता. शेजारी दातांची डॉक्टर, जी गोष्टीत अचूक नेमाची तिरंदाज होती, आणि शहराच्या बसवरचा चालक, जो गोष्टीतही धिप्पाड होता आणि कुऱ्हाड चालवायचा. तिघंही ताईची गिऱ्हाइकं. डॉक्टरीणबाईंच्या पांढऱ्या कोटाची बाही नेहमी डावीकडेच का मळते, हे ताईला त्यांच्याहून चांगलं माहीत होतं. पण इथे ते तिला असं भेटले, जसं काही ती सीमेवरून आली आहे.

"वावटळ आला!" बसचालक उठून उभा राहिला.

"लाँड्रीवाली आली," ताई म्हणाली. "लवकर आटपा. येताना दूध घ्यायचंय."

चष्मेवाल्यानं आवाज खाली आणला आणि सुरुवात केली. दरी खोल, खाली धुकं. दोराचा पूल, फळ्या ओल्या. पुलावर विणकरांचं अख्खं गाव. म्हातारी माणसं, कडेवरची पोरं, पाठीवर माग बांधलेले. गावं जाळत येणाऱ्या फौजेपुढून पळून ती निघाली आहेत. तीन वीर पुलाच्या अलीकडच्या तोंडाशी. आणि चढावरून खाली येतोय फौजेचा सेनापती, लोखंडी रेडा. माणसाएवढी शिंगं, अंगावर पोलादी पत्रे, श्वासातून ठिणग्या.

"वावटळ काय करतो?" चष्मेवाल्यानं विचारलं आणि उत्तर येण्याआधीच पेन्सिल उचलली. त्याला उत्तर माहीत होतं.

"पुलावरची माणसं पार व्हायला किती वेळ लागेल?" ताईनं विचारलं.

चष्मेवाल्याची पेन्सिल अधांतरीच राहिली. "कोणती?"

"तुम्हीच नाही का सांगितलं? विणकर."

"ती होय. ती... ती नुसती आहेत." त्यानं डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "ताई, ती फक्त प्रसंग उभा राहावा म्हणून असतात. त्यांना नावंसुद्धा नाहीत. आपण उड्या मारून पलीकडे जायचं आणि दोर कापायचा. रेडा अलीकडेच राहतो."

"आणि ती?"

बसचालकानं बिस्किटांचा पुडा तिच्यापुढे सरकवला.

ताईनं एकेकाकडे पाहिलं. तिच्या मनात आलं, काय ही माणसं. सबंध आठवडाभर कोणाची दाढ काढतात, कोणाला थांब्यावर उतरवतात, कोणाला नंबर काढून देतात, आणि रविवारी वीर होऊन पहिलं काम काय, तर दोर कापायचं. तिनं कागद पुढे ओढला. भिंतीवर धावणे. बाण पकडणे. एका दमात चार वार. इतकं सामान भरून ठेवलेलं, आणि वर्षानुवर्षं घडी मोडलेली नाही.

"मी इथेच उभी राहते," ती म्हणाली.

"उभा राहतो," बसचालकानं हळूच दुरुस्ती केली.

"राहते. ती वावटळ."

पुढचा तासभर जे झालं ते त्या माडीवर त्याआधी झालं नव्हतं. ताईला नियम कळत नव्हते, म्हणून ती कागदावरच्या एकेका ओळीवर बोट ठेवून विचारायची, "हे करता येतं का? मग हे करते." वावटळनं रेड्याच्या साथीदारांचे बाण पकडले आणि उलटे भिरकावले. पुलाच्या दोरावरून धावत जाऊन त्यानं रेड्याच्या मानेवर लाथ मारली. फासा तिच्या हातातून टेबलावर आपटायचा, ओल्या चादरीसारखा, आणि आकडे चांगले येत गेले. बसचालकानं कुऱ्हाड घेऊन तिच्या शेजारी यायची घाई केली. डॉक्टरीणबाई खुर्चीच्या टोकावर आल्या होत्या. पण रेडा लोखंडी होता, आणि वावटळचा कागद भरत चालला होता. इतकी वर्षं ओरखडा नसलेल्या अंगावर एकाच दुपारी जखमांना जागा पुरेना.

"अजूनही मागे उडी मारता येईल," चष्मेवाला म्हणाला.

"पार झाली का ती?"

"अर्धी."

"मग काय विचारता?"

तो पुन्हा एकदा तेच म्हणाला. नंतर कपाळावरचा चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि जवळजवळ गयावया करत म्हणाला, "ताई, आता नाही मारलीत उडी तर तो जाईल. गुंड्याचा आहे तो."

"ठाऊक आहे कोणाचा आहे ते. टाकते मी."

शेवटचा विणकर पलीकडच्या काठावर चढला तेव्हा ताईच्या फाशावर एक आला. रेडा पुलावर चढला होता. फळ्या तुटल्या, दोर तुटले, आणि रेड्याच्या शिंगाला लटकलेला वावटळ त्याच्यासकट धुक्यात गेला.

बसचालकानं खिशातून रुमाल काढला. ताईनं तो ओळखला, तिनंच इस्त्री केलेला होता.

"झालं?" तिनं विचारलं. "निघू मी?"

चष्मेवाल्यानं मान डोलावली तशी ती निघाली. गोल जिना उतरताना तिच्या लक्षात आलं की आपण तो कागद चौपदरी घडी घालून मुठीत धरला आहे. तिला स्वतःचाच राग आला. दूध घ्यायचंही राहून गेलं.

घरी गुंड्या उशीला टेकून वाट बघत होता. "काय झालं? किती उड्या मारल्यास?"

"एकही नाही. मेला तो."

गुंड्या हसला. मग त्यानं तिचा चेहरा पाहिला आणि हसायचं थांबला. तो ओरडेल, घंटा फेकेल असं तिला वाटलं होतं. त्यानं चादर डोक्यावरून ओढून घेतली. मग आतून आवाज आला, "एक काम सांगितलं होतं."

"अरे, कागद होता तो!"

"एकच काम, ताई."

त्यानंतर त्यानं बोलणं टाकलं. जेवण यायचं तेव्हा ताट घ्यायचा, रिकामं करायचा (भूक मेली नव्हती, हे ताईनं टिपून ठेवलं) आणि भिंतीकडे वळायचा. घंटाही वाजेना. ताईला वाटलं होतं घंटा थांबली की सुख लागेल. पण लाँड्रीत उभी असतानाही तिचा एक कान घराकडे लागलेला असायचा. ती चरफडायची. माणूस मेल्यावर ज्यानं सुतक पाळलं नाही, तो कागद फाटल्यावर अंथरूण धरून बसलाय. वडील गेले त्या संध्याकाळी हाच घरी आला होता, दारात घुटमळला होता आणि "मी काय करू?" असं विचारून काही करायच्या आत सिगारेट ओढायला खाली गेला होता.

मग एके दिवशी दुपारी ती मंडळी आली. चष्मेवाला, डॉक्टरीणबाई आणि बसचालक. तिघं एका ओळीत, चेहरे उतरलेले, बसचालकाच्या हातात सफरचंदांची पिशवी. ताईनं दार उघडलं तेव्हा चष्मेवाला हळू आवाजात म्हणाला, "कसा आहे तो?"

"पाय बरा आहे."

"पायाचं नाही विचारत."

ती मंडळी भेटायला आली होती. म्हणजे दुःखात भेटायला येतात तशी. ताई चहा टाकायला आत गेली आणि ओट्याला धरून उभी राहिली, कारण तिला हसू येत होतं आणि त्याच वेळी कोणाला तरी लाटण्यानं बदडावंसं वाटत होतं. कधी जन्मालाच न आलेल्या माणसाच्या मागे घरात चहा करायची पाळी तिच्यावर आली होती.

त्यात शेजारच्या आजी आल्या. या बाईंना जिन्यावरचा बुटांचा आवाजही पुरतो. तिघांचे चेहरे आणि भिंतीकडे तोंड करून पडलेला गुंड्या पाहून त्यांनी तोंडावर पदर धरला.

"अगबाई! कोण गेलं?"

"वावटळ," बसचालक सफरचंदांची पिशवी छातीशी धरून म्हणाला.

"नावावरून लक्षात येत नाही हो. लांबचे होते का?"

"लांबच. एकेका उडीत तीस फूट."

आजींनी ताईकडे पाहिलं. ताईनं त्यांच्या हातात कप दिला. आजी पदर सावरून बसल्या, चहा प्यायल्या, आणि तरुण होते का, आजारी होते का, मागे कोण आहे, असं सगळं विचारून समाधानानं घरी गेल्या.

त्या गेल्यावर गुंड्या हळूच या कुशीवर वळला. "कसा गेला ते सांगा," तो म्हणाला. "ही नीट सांगत नाही."

तिघांनी सांगितलं. आधी चष्मेवाल्यानं, मग बसचालकानं मधेच तोंड घातलं, मग डॉक्टरीणबाईंनी पुलाची लांबी वाढवली. रेडा खोलीएवढा झाला, विणकरांची पोरं दुप्पट झाली. ताई दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. असं काही झालेलं तिला आठवत नव्हतं. तिनं फक्त माणसं पार होईपर्यंत थांबायचं म्हटलं होतं, जसं गिऱ्हाईक दारात असताना शटर ओढत नाहीत.

गुंड्या प्लास्टरकडे बघत होता. "मी असतो तर पळालो असतो," तो म्हणाला.

"हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी काही मऊ बोलून वेळ मारून नेली नाही. "तू पळाला असतास. तू नेहमीच पळतोस. आम्ही त्या हिशेबानंच खेळतो."

हे वाक्य या घरात ताईनं हजार वेळा मनात म्हटलं होतं. दुसऱ्या कोणी उघड म्हटल्यावर ते तिला लागलं, आणि तिनं ताबडतोब कप गोळा करायला घेतले.

ती मंडळी गेल्यावर गुंड्या उशीला टेकून बसला. मग म्हणाला, "त्या दिवशी मला कळलं होतं."

"कोणत्या?"

"बाबा गेले त्या. त्यांचा श्वास बदलला होता सकाळपासून. तुझ्याआधी मला कळलं. म्हणून गेलो मी."

ताईच्या हातात चार कप होते. हे तिला नवीन होतं. तिला इतकी वर्षं वाटत आलं होतं की हा बेफिकीर आहे. हा तर फिकिरीनं पळालेला. त्यानं फरक काय पडला, हे तिला तिथल्या तिथे ठरवता येईना. राग कमी झाला नाही. फक्त वेगळ्या जागी जाऊन बसला.

"मला एकटीला टाकून," ती म्हणाली.

"हो."

"मग आता रडून काय उपयोग?"

"मी रडत नाहीये."

"मग पाणी पी आणि कप पुसायला घे. हात मोडलेले नाहीत तुझे."

त्यानं कप पुसले. एकाचा कान तुटला, पण पुसले.

प्लास्टर निघालं आणि गुंड्या पुन्हा गाद्यांवर आडवा होऊ लागला. आता कुठे याला अक्कल येईल, शहाण्यासारखा सकाळी लाँड्रीतली गाठोडी उतरवेल, असं ताईला वाटलं असेल तर ती तिची चूक. आठवड्याच्या आत टेबलावर नवा कोरा कागद आला.

"हा कोण?" तिनं विचारलं.

"सोसाटा."

"कोण सोसाटा?"

"वावटळचा जुळा भाऊ." गुंड्या नजर चुकवत म्हणाला. "लहानपणी हरवलेला."

ताईनं कागद वाचला. अनवाणी, सडपातळ, भिंतीवर धावणे, बाण पकडणे. चपळाई अठरा. नाव सोडून एक अक्षरही बदललेलं नव्हतं. ती इतकी हसली की तिला खुर्ची शोधावी लागली. मेलेल्याला जुळा भाऊ काढणारा माणूस तिनं आयुष्यात पाहिला नव्हता.

डॉक्टरीणबाई कोट टाकायला आल्या तेव्हा काउंटरवर रेंगाळल्या. "तुम्ही याल का रविवारी? वावटळ म्हणून नाही. तुमचा स्वतःचा कोणी घेऊन."

"मला कामं आहेत."

"रविवारी लाँड्री बंद असते."

"असं कोणी सांगितलं?"

"दारावर पाटी आहे."

ताईनं कोट घेतला आणि डाव्या बाहीवर खूण केली. पण रविवारी गुंड्या निघाला तेव्हा तीही चपला घालून उभी होती. तो बघत राहिला तशी म्हणाली, "तू परत पडलास तर उचलून आणायला."

तिचा वीर पाहून चष्मेवाल्यानं डोकं खाजवलं. पन्नाशीची बाई. उडी नाही, हत्यार नाही, चपळाई चार. कागदाच्या तळाशी तिनं स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, हट्ट अठरा. असा गुण नियमांत नाही, असं तो म्हणाला. मग घाला, असं ती म्हणाली. त्यानं घातला.

त्या दिवशी वीर धान्याच्या एका जुन्या कोठारात शिरले आणि अंधारातून लांडगे आले. पहिली पाळी सोसाट्याची. गुंड्यानं फासा टाकला, चांगला आकडा आला, आणि सोसाटा एका उडीत छताच्या तुळईवर जाऊन बसला. खाली ताईची बाई एकटीच सगळ्यांच्या पुढे होती. बसचालकाचा कुऱ्हाडवाला अजून दारात अडकला होता.

"गुंड्या," ताई टेबलापलीकडून म्हणाली, "खाली उतर."

"इथे मला गुंड्या म्हणू नकोस."

"उतर म्हणते ना."

गुंड्याचे कान लाल झाले. त्यानं कागदाकडे पाहिलं, फाशाकडे पाहिलं, मग चष्मेवाल्याकडे वळून अगदी बारीक आवाजात विचारलं, "उतरता येतं का?"

"येतं की," चष्मेवाला म्हणाला. "फासाही लागत नाही."

"बरं. मग सोसाटा उतरतो. ताईच्या मागे उभा राहतो."

"मागे नाही," ताई म्हणाली. "शेजारी."

गुंड्यानं खुर्ची पुढे ओढली. "शेजारी."

लांडगा आला. सोसाट्यानं लाथ मारली आणि ती चुकली. ताईच्या बाईनं त्याला बाजूला ढकललं आणि लांडग्याच्या नाकावर धान्याचं माप हाणलं. लांडग्यानं सोसाट्याच्या दंडाला दात लावले. नव्या कोऱ्या कागदावर गुंड्यानं स्वतःच्या हातानं जखम लिहिली, पेन्सिलीवर इतका जोर देऊन की टोक मोडलं. पुढच्या पाळीला तो पुन्हा तुळईवर होता.

ताईनं त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की एखाद्यानं जागच्या जागी मान खाली घातली असती. गुंड्यानं बिस्किटाच्या पुड्यात हात घातला. मग तिनं फासा उचलला, कारण लांडगे अजून तीन उरले होते आणि कोणीतरी ते बघायला हवं होतं.